वाचनालयातल्या माणसाला एवढं विचारा

मंडळी, गावच्या वाचनालयात गेल्यावर तिथं बसलेल्या माणसाशी आपण काय बोलतो? "पेपर आला का?" एवढंच. फार झालं तर, "पोराला निबंधाचं पुस्तक द्या एखादं." त्या माणसाला स्वतःची काही आवड असेल, त्यालाही कुठं जावंसं, काही खावंसं वाटत असेल, हे आपल्या मनातच येत नाही. तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव यांच्या आवडीनिवडी साऱ्या गावाला पाठ असतात. ग्रंथपाल मात्र कपाटासारखाच एक कपाट!

म्हणून या खेपेला आपल्या नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) पाच वाचनालयांतल्या माणसांना तीन साधे प्रश्न विचारले. रिकामा वेळ मिळाला तर काय करता? करमणूक कोणती आवडते? आणि पाहुणा आला तर त्याला कुठं, काय खायला नेता? पुस्तकांबद्दल मुद्दाम काही विचारलं नाही. "नाव छापू नका, गाव चेष्टा करतं," असं पाचही जणांनी बजावलं. तेव्हा नावं नाहीत. गावं मात्र तुमच्याच आसपासची आहेत.

उत्तरं सांगण्याआधी एक गोष्ट ध्यानात असू द्या. वाचनालय ही आपल्याकडे कालपरवाची चीज नाही. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. मुंबई-ठाण्याची पहिली आगगाडी धावली ती १८५३ मध्ये. म्हणजे आपल्या मुलखात आगगाडीच्या पंधरा वर्षं आधी वाचनालय आलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं तेही नगरलाच. आणि त्याच्या कितीतरी आधी, १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्याच नेवाशात. वाचण्या-ऐकण्याचा वारसा आपल्या अंगणातला आहे. आता तो सांभाळणारी माणसं काय म्हणतात ते ऐका.

बैल नाहीत, पण बाजार चुकत नाही

पहिले भेटले ते श्रीगोंद्याकडचे एक वयस्कर ग्रंथपाल. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. दावणीला आता एकही बैल नाही. नांगरट ट्रॅक्टरनं होते. तरी शनिवार आला की अण्णांची पावलं काष्टीच्या जनावरांच्या बाजाराकडं वळतात. घ्यायचं काही नसतं, विकायचं काही नसतं. नुसतं बघायचं. जनावराचा जबडा उघडून दात मोजायचे आणि आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला ते सांगायचं. रुमालाखाली दलालाची बोटं कशी हलतात यावरून सौदा जमणार की फिसकटणार याचा अंदाज बांधायचा.

करमणूक कोणती, असं विचारल्यावर अण्णांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "हगामा!" जत्रेतल्या कुस्त्या. कोणत्या गावची जत्रा कधी, पालखी कधी, छबिना कधी, हगामा कधी, हे सगळं त्यांच्या एका जुन्या वहीत लिहिलेलं आहे. वही वाचनालयाच्या टेबलाच्या खणात असते. खायला काय? तर बाजारातली गरम भजी आणि जत्रेतली गोडीशेव. "पाहुण्याला टेबलखुर्चीच्या हॉटेलात कशाला न्यायचं? कढईजवळ उभं राहून खाल्लेल्या भज्याची चव ताटात येत नाही," हे त्यांचं म्हणणं.

आता गंमत बघा. त्या वहीची बातमी हळूहळू गावात पसरली. जत्रेची तारीख विचारायला माणसं वाचनालयात येऊ लागली. तारीख बघता बघता शेजारचं पशुपालनाचं पुस्तक चाळू लागली. अण्णा म्हणाले, "ज्यानं जन्मात पुस्तक धरलं नव्हतं, तो गाय फळत का नाही, याचं पुस्तक घेऊन गेला. आला होता तो हगाम्याची तारीख बघायला."

काजवे, बियाणं आणि राजूरचा पेढा

दुसऱ्या भेटल्या अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एक ताई. वाचनालयात मदतनीस आहेत. त्यांचा रिकामा वेळ जातो बी जमवण्यात. वाल, घेवडा, काळभात, नाचणी, भोपळा. राखेत घोळून, मडक्यात भरून, वर नाव घालून ठेवतात. हे त्या शिकल्या शेजारधर्मानं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही वाचलंच असेल. वाचनालयात पुस्तकांच्या फळीखाली ताईंनी बियांच्या बरण्या मांडल्या आहेत. पुस्तक नेलं तर परत आणायचं, बी नेलं तर हंगाम झाल्यावर दुप्पट आणायचं, असा त्यांचा कायदा.

करमणूक? काजवे! मेच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशी झाडं काजव्यांनी लखलखून जातात. एक झाड उजळतं, विझतं, मग शेजारचं उजळतं. ताई लहानपणापासून बघतात, तरी अजून त्यांचं मन भरलेलं नाही. अलीकडं बघायला गाड्यांची रीघ लागते. म्हणून त्यांचं एक सांगणं तुमच्यापर्यंत पोचवतो. काजवे बघायला गेलात तर गाडीचे दिवे बंद करा, विजेऱ्या झाडांवर मारू नका आणि काजवे बाटलीत भरून आणू नका. तो उजेड म्हणजे त्यांची एकमेकांना घातलेली साद असते. आपल्या दिव्यात ती साद हरवते.

आणि प्रवरेच्या खालच्या अंगाच्या बागाईतदारांनो, तुमच्या कालव्याला जे पाणी येतं, ते याच भंडारदऱ्याचं. धरण पुरं झालं १९२६ साली. उसाला पाणी घेताना एकदा तरी पोराबाळांना घेऊन त्या पाण्याचं माहेर बघून या. परत येताना राजूरला थांबा. तिथला पेढा ही ताईंची खायची आवड. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा गेलात तर दोन्ही कामं होतील. पेढाही मिळेल आणि पावसाच्या मुलखात टिकणारी जनावरंही बघायला मिळतील.

नगरचं नाटक आणि किल्ला

तिसरे नगर शहरातले. देवघेवीच्या टेबलावर बसणारे तरुण कारकून. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारतात आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जातात. कधी दोन वाक्यांची भूमिका, कधी पडदा ओढायचं काम. सदाशिव अमरापूरकर याच मातीतले, नगरच्या रंगमंचावर तयार झाले आणि मग सिनेमात गेले. ते २०१४ मध्ये गेले, पण नगरला नाटकाचं वेड अजून आहे. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी नगर केंद्रावर होते तेव्हा हा मुलगा एकही नाटक चुकवत नाही. "तालुक्याच्या कामाला आलेल्या माणसानं शेवटची एसटी चुकली म्हणून कपाळाला हात लावू नये, नाटकाला जाऊन बसावं," हा त्याचा सल्ला. तिकीट जास्त नसतं.

पाहुण्याला तो आधी भुईकोट किल्ला दाखवतो. १९४२ च्या आंदोलनात पंडित नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांना इथंच कैदेत ठेवलं होतं. नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ इथं लिहिला आणि आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं. "साहेब, वाचनालयातल्या दोन पुस्तकांचं जन्मगाव आपल्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, हे लोकांना सांगितलं की ते पुस्तक मागतात. नुसतं कपाटात ठेवलं की कुणी मागत नाही." किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा जाताना ओळखपत्र जवळ असू द्या.

खाण्याचं विचारलं तर म्हणाला, मिठाई घ्यायची तर बन्सीमहाराजांची, हे नगरमध्ये कुणीही सांगेल. पण त्याची स्वतःची आवड म्हणजे माळीवाड्याच्या बाजूला सकाळी मिळणारा गरम वडा. तालमीनंतर रात्री मात्र चहा आणि खारी. तेवढंच खिशाला परवडतं.

पंगतीतली आमटी

चौथे कर्जत-जामखेडच्या बाजूचे. वाचनालयाचे शिपाई, वय पन्नाशीच्या पुढं. झाडलोट, पेपर लावणं, कपाटं पुसणं हे त्यांचं काम. त्यांना हॉटेलचं विचारलं तर हसले. "हॉटेलात काय मिळतंय? आमच्याकडची शिपी आमटी खाल्लीय का?" डाळीची पातळ, झणझणीत, वर तर्री आलेली आमटी. ती हॉटेलात बसून खायची नव्हे, पंगतीत बसून. चपाती किंवा भाकरी कुस्करायची, वर आमटी ओतायची आणि नाक पुसत, हाशहुश करत ओरपायची. पाहुणा आला आणि गावात भंडारा असला तर त्याला तिथंच घेऊन जातात.

रिकामा वेळ? रेहेकुरी. कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं. पुरते सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. पण भल्या सकाळी गेलं तर काळवीट हमखास दिसतं. शिपाईकाका सायकलवर जातात. "नर काळा, मादी भुरी. उडी बघावी तर त्याचीच," असं सांगताना त्यांचे डोळे चमकतात. शाळेच्या सुट्टीत ते वाडीवरची पोरं बरोबर नेतात. परत आल्यावर पोरं विचारतात, "काका, काळविटाचं पुस्तक आहे का?" मग काकाच कपाट उघडून देतात. पुढं तीच पोरं खर्ड्याचा किल्ला, १७९५ ची लढाई, चौंडी आणि १७२५ साली तिथं जन्मलेल्या अहिल्याबाई, असं एकेक विचारत येतात. सातवी शिकलेल्या शिपायानं किती पोरं वाचती केली, याचा हिशेब कुठल्या रजिस्टरात नाही.

"करमणूक? ती कुणी विचारलीच नाही"

पाचव्या भेटल्या त्या राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यातल्या एका लहान गावातल्या वहिनी. गावचं 'ड' वर्गाचं वाचनालय त्या एकट्या चालवतात. संध्याकाळी ठरलेले तास कुलूप उघडून बसतात. त्यांना तीन प्रश्न विचारले तर आधी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, करमणूक कोणती, असं मला आजवर कुणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, पगार किती."

आता पगाराचं निघालंच आहे तर तेही बघू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्या कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान ठरलं. राज्यात अशी अनुदानावरची वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. 'ड' वर्गाला २०२२ पर्यंत वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्या साली ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झाले. पुढंही वाढीची मागणी होतच राहिली. पण ४८ हजारांचाच हिशेब मांडा. निम्मे पगाराला गेले तर वर्षाचे २४ हजार, म्हणजे महिन्याचे २ हजार. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीज, भाडं. खुरपणीला सहा-सात दिवस गेलेली बाई तेवढे २ हजार मिळवते. म्हणून वहिनींच्या घरी दर महिन्याला एकच विषय. सासूबाई म्हणतात, सोड ते. दीर म्हणतात, त्यापेक्षा कांदा काढायला जा. वाचनालय सोडलं तर दुसरं कुणी त्या पैशात बसणार नाही, हे गावालाही ठाऊक आहे आणि वहिनींनाही.

मग सोडत का नाही, असं विचारलं. तेव्हा त्यांनी रिकाम्या वेळाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुपारी शेजारच्या चार-पाच जणी ओट्यावर लसूण निवडायला, शेंगा फोडायला बसतात. त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही, एकीला चष्म्याशिवाय दिसत नाही. वहिनी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. सध्या चाललंय लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लग्न होऊन आल्यावर अक्षर शिकलेली बाई, आणि तिनं मराठीतलं एवढं नावाजलेलं आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून त्याचे भाग छापून आले. त्यात नगर आहे, राहुरी आहे. "आपली राहुरी पुस्तकात आली म्हटल्यावर बायकांचे हात थांबले," वहिनी सांगत होत्या. "एक म्हातारी म्हणाली, बाई गं, हिच्या घरातपण आपल्यासारखंच होतं की. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली." हा वहिनींचा छंद, आणि हीच त्यांची करमणूक.

आणि खायची जागा? वहिनी एकट्या कधी हॉटेलात गेलेल्या नाहीत. त्यांचं आवडतं जेवण आहे सराला बेटाच्या सप्ताहातलं. गंगागिरी महाराजांचा हा हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात, दरवर्षी नव्या गावाला. तिथला प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी तिथं मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी गावोगावच्या घरांतून येतात. सकाळी बायका चुलीपुढं बसतात, घरटी भाकरी थापल्या जातात आणि ट्रॉलीत भरून निघतात. "माझी भाकरी कुणाच्या पानात पडली ते मला कळत नाही, आणि माझ्या पानात कुणाची पडली तेही कळत नाही. तरी हजारो माणसं जेवून उठतात. भाऊ, असलं हॉटेल कुठं हाय?"

घरटी भाकरी, घरटी वाचक

वाचकहो, वहिनींच्या या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. सप्ताहाला कुणी एकटा श्रीमंत माणूस भाकरी पुरवत नाही. घरटी चार-पाच आल्या की ट्रॉली भरते. वाचनालयाचंही असंच आहे. देणगीदार शोधत बसू नका. घरटी एक वाचक आला तर वाचनालय भरतं.

यात भावनेबरोबर व्यवहारही आहे. तपासणीला अधिकारी आले की आधी रजिस्टर बघतात. सभासद किती, रोज माणसं किती येतात, पुस्तकांची देवघेव किती. हे आकडे पडले तर वाचनालयाचा दर्जा धोक्यात येतो आणि दर्जा गेला की अनुदान गेलं. एकदा बंद पडलेलं वाचनालय पुन्हा उभं करणं फार अवघड. कपाटं ग्रामपंचायतीच्या अडगळीत जातात, पुस्तकांना वाळवी लागते आणि खोली कुणाच्या तरी खताच्या गोण्यांना लागते. असं होऊ द्यायचं नसेल तर फार मोठं काही करावं लागत नाही. आत जायचं, नाव लिहायचं, पुस्तक घ्यायचं.

पण माणूस आत जात नाही, याचं खरं कारण पुस्तक नव्हेच. कारण आहे संकोच. चिखलाचे पाय, हातात विळा, "आपल्याला काय कळतंय" ही भीती. बाईमाणसाला तर जास्तच. तिथं ओळखीचं माणूस बसलेलं असेल, त्याच्याशी हगाम्याचं, पेढ्याचं, काजव्याचं बोलता येत असेल, तर तो उंबरा ओलांडायला सोपा जातो. पाचही जणांच्या बाबतीत तुम्ही हेच बघितलंत. अण्णांकडं माणूस आला तो जत्रेच्या तारखेसाठी. ताईंकडं आला तो बियांसाठी. शिपाईकाकांकडं पोरं आली ती काळविटामुळं. नगरच्या त्या पोरामुळं किल्ला बघून माणूस पुस्तकाकडं आला. वहिनींच्या ओट्यावर बाया आल्या त्या लसूण निवडायला. ज्याला ग्रंथपालाची आवड कळली त्याला वाचनालयाचं दार सापडलं.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांचा पहिला नियम असा की पुस्तक असतं ते वापरण्यासाठी, जपून ठेवण्यासाठी नव्हे. मी त्यात आपल्या गावापुरतं एवढंच जोडतो, की ग्रंथपालही बोलण्यासाठी असतो, नुसता शिक्का मारण्यासाठी नव्हे.

आता काय करायचं?

ग्रंथपाल मंडळींनो, आधी तुम्हांला सांगतो. वाचनालयाच्या दाराशी एक फळा लावा. रोजच्या सुविचाराच्या जागी आठवड्यातून एकदा तुमच्या स्वतःच्या तीन ओळी लिहा. या आठवड्यात मी कुठं गेलो, काय खाल्लं, काय वाचलं. लाजू नका. गाव चेष्टा करील दोन दिवस, तिसऱ्या दिवशी वाचायला उभं राहील. जवळच्या जत्रा, सप्ताह, नाटक, प्रदर्शन, जनावरांचा बाजार यांच्या तारखाही लिहा. लोकांना त्या हव्याच असतात.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही आठवड्यातून एकदा बाजाराहून येताना दहा मिनिटं वाचनालयात टेका. पेपर चाळा, पण जाता जाता त्या माणसाला विचारा, "काय अण्णा, यंदा कुठल्या हगाम्याला जायचं?" भेळ घेतलीत तर एक पुडा जास्त घ्या. फारसा खर्च नाही. आणि वार्षिक वर्गणी थकली असेल तर ती देऊन टाका. आपल्याला ती एका भेळीएवढी वाटते, पण वाचनालयाला तिचा आधार मोठा असतो.

आयाबहिणींनो, तुमच्या गावात वाचनालय चालवणारी बाई असेल तर तिला एकटी बसू देऊ नका. दुपारच्या निवडण-टिपणाला तिला बोलवा, वाचून दाखव म्हणा. वाचता येत नसेल तर ऐका. ऐकणं हेही वाचनच. आपल्या पणज्या-आज्यांनी पोथी ऐकूनच पाठ केली. आणि तिच्या घरी कुणी "सोड ते" म्हणत असेल तर तुमच्यापैकी एकीनं जाऊन सासूबाईंना एवढंच सांगावं, "आत्याबाई, तिच्यामुळं आमची दुपार बरी जाते." माणसाला पगार लागतोच, त्यासाठी सरकारदरबारी भांडलंही पाहिजे. पण नुसता पगार कमी म्हणून माणूस काम सोडत नाही. आपण केलेलं कुणाच्या कामी येतं का, हे कळेनासं झालं की मग सोडतो.

१२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनाचा दिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या सुमाराला खरिपाची खुरपणी उरकत आलेली असते, श्रावणाचे सण तोंडावर असतात किंवा सुरू झालेले असतात. यंदा त्या दिवशी हार-नारळ, फोटो, भाषण असलं काही करू नका. घरून चार भाकरी, आमटीचा डबा न्या. वाचनालयातच सतरंजी टाका, ग्रंथपालाला मधे बसवा आणि तेच तीन प्रश्न विचारा. रिकाम्या वेळात काय करता? करमणूक कोणती आवडते? कुठं, काय खायला आवडतं?

काय उत्तरं मिळाली ते आम्हांला पोस्टकार्डावर जरूर कळवा. आणि उठताना एक पुस्तक घरी न्यायला विसरू नका.